निकाल राखून ठेवला आहे

तरुणांना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण कसं करावं हे शिकवायची शिबिरं निघावीत, अशी टूम सध्या आहे. स्तुत्यच. चहा, पोहे, टोपी, प्रमाणपत्र. फक्त शिबिर बडोद्यात घेणार असाल, तर शिबिरार्थी जरा पारखून घ्या. इथल्या पोरांचा अभ्यासक्रम २००७ सालीच पुरा झालाय. नापास झाली ती थोरली मंडळी.

सयाजीराव महाराजांच्या नावाचं विद्यापीठ, त्यातलं १९५० पासूनचं फाइन आर्ट्स. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथेच शिकवत. वार्षिक परीक्षेला पोरं आपली कामं भिंतींवर लावतात, परीक्षक फिरून गुण देतात. ९ मे २००७ ला मात्र भलतेच परीक्षक आले : एक स्थानिक पुढारी, कार्यकर्ते आणि पोलीस. देवादिकांची चित्रं पाहून हिंदू दुखावले, येशूचं पाहून ख्रिस्तीही. सर्वधर्मसमभाव इतक्या झटपट क्वचितच साधतो. ती चित्रं काढणारा परीक्षार्थी चंद्रमोहन कोठडीत गेला. न विचारता आत घुसलेल्यांविरुद्ध तक्रार द्यायला विद्यापीठाला काही मुहूर्त सापडला नाही.

पोरांनी काय करावं? दगड नाही, बसच्या काचा नाहीत. ११ मेला त्यांनी विभागाच्याच संग्रहातून भारतीय कलेतल्या शृंगारिक प्रतिमा काढल्या आणि मांडल्या. घ्या, आपल्या वाडवडिलांनी काय काय कोरून-रंगवून ठेवलंय ते बघा. वरून फर्मान आलं, उतरवा. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर म्हणाले, नाही उतरवत. प्रदर्शनाला कुलूप, पणिक्कर निलंबित. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यासाठी युनोत भांडलेल्या हंसा मेहता याच विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. खुर्ची तीच, पण पाठीचा कणा काही खुर्चीसोबत मिळत नाही.

चंद्रमोहन जामिनावर सुटला, परीक्षेचा निकाल मात्र अडकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याने कुलगुरूंच्या कार्यालयात आग लावली आणि पुन्हा पकडला गेला. आग लावली हे वाईटच. पण अकरा वर्षं निकाल न लावणाऱ्यांना कुठलं कलम लावायचं?

त्याच महिन्यात याच गावात ९१वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुखांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरून राज्यकर्त्यांना चार शब्द सुनावले. आपण टाळ्या वाजवल्या आणि जेवणाच्या रांगेत उभे राहिलो. टाळ्यांनी कुणाच्या भावना दुखावत नाहीत, ही त्यांची मोठी सोय.

तेव्हा शिबिर जरूर घ्या, पण पन्नाशीपुढच्यांसाठी. तास तीनच ठेवा. पहिला, फाटकावर 'आपण कोण?' असं विचारणे. दुसरा, वरून फोन आला तरी किल्ल्यांचा जुडगा खिशातच ठेवणे. तिसरा, वेळेवर निकाल लावणे. शिकवायला २००७ च्या पोरांना बोलवा, आता तीही चाळिशीला टेकली असतील. आणि या शिबिरार्थींचा निकाल तेवढा त्याच संध्याकाळी लावा. अकरा वर्षं थांबायचं म्हटलं, तर बरेचसे पेन्शनीत निघतील.