मामांचा रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली, हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही. पण आमच्या कोल्हापूरच्या मामांना तो तोंडपाठ. वानखेडेवर सामना बघायला आले, तेव्हा नॉर्थ स्टँडमध्ये पाऊल ठेवताच त्यांनी दोन रांगा खालून रुमाल भिरकावला. तो नेमका एका रिकाम्या खुर्चीत पडला.

"मामा, तिकिटावर नंबर असतो."

"आसंना. नंबर काय बसाय येतोय व्हय?"

खुर्चीचा मालक वडापाव सांभाळत आला. त्याने तिकीट दाखवलं, मामांनी रुमाल दाखवला. पाच मिनिटं दोन्ही पुराव्यांवर युक्तिवाद झाला. शेवटी मीच रुमाल जप्त करून आमच्या खुर्चीवर अंथरला.

मामांना तरी दोष काय द्यावा? हे स्टेडियमच मुळी जागेच्या भांडणातून उभं राहिलंय. पूर्वी मुंबईचे कसोटी सामने ब्रेबॉर्नवर व्हायचे. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईच्या क्रिकेट संघटनेला किती जागा सोडायच्या, यावरून दोघांत कायमची धुसफूस. अखेर संघटनेच्या शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर नवं स्टेडियमच बांधून घेतलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. आपला रुमाल कुणी उचलला म्हणून रागाने स्वतःची एसटी विकत घ्यावी, तसला प्रकार. तेव्हा क्लबचे अध्यक्ष होते विजय मर्चंट. आज वानखेडेवर त्यांच्याही नावाचा स्टँड आहे. (भांडण भांडणाच्या जागी, पाहुण्याला पाट मांडायचाच.)

मामांची खरी शाळा मात्र कोल्हापूरचं खासबाग कुस्ती मैदान. रोमचं जुनं क्रीडागार पाहून शाहू महाराजांच्या मनात ते मैदान आलं असं सांगतात. १९१२ मध्ये ते तयार झालं. मधोमध लाल मातीचा हौदा, भोवती बशीसारखा चढत गेलेला उतार. त्या उतारावर खुर्ची नाही की नंबर नाही. "सरका की पावनं" म्हणायचं आणि बूड टेकायचं. पाठ टेकायला काही नसतं, पण मागच्याचे गुडघे असतात. आणि पार वरच्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते, कारण पुढच्याचं डोकं आपल्या पायांशी असतं.

वानखेडेवर पाठ टेकायची सोय होती. पण पहिल्याच चौकाराला पुढची रांग उठली, म्हणून आम्ही उठलो, आमच्यामुळे मागची. मग लाट आली, तिला उठावं लागतं. सेल्फीला उठावं लागतं. कॅमेरा आपल्याकडे वळलाय असं नुसतं वाटलं तरी उठावं लागतं.

"पैसं बसायचं घेतलं आन् हुबं केलंय," मामा टाचा उंचावून कुरकुरले.

मी पुढच्या पोराला बसायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पुढचे बसले की बसतो." हे पुढचे कोण, याचा माग काढत गेलो असतो तर थेट पंचांपर्यंत पोचलो असतो.

सामना संपला. मामांनी खुर्चीवरचा रुमाल उचलून झटकला. आमच्या अख्ख्या रांगेत सामनाभर बसून राहिला तो एवढाच.