धाकट्यांना थापा मारण्याची कार्यपद्धती (ठाणे-कल्याण-डोंबिवली विभाग)

सदर मार्गदर्शिका नऊ ते बारा वर्षांच्या दादा-ताईंसाठी आहे. ज्याला थाप मारायची, तो चार ते सात वयाचा असावा. चारच्या आत थाप कळत नाही आणि सातच्या पुढे उलट आपल्यालाच टोपी बसते.

पहिला नियम: थाप नुसती सांगून सोडू नये, तिच्याबरोबर काम द्यावे. ‘वहीत ठेवलेल्या मोरपिसाला पिल्लं होतात’ एवढेच सांगितले तर पोर दुपारपर्यंत विसरते. ‘रोज संध्याकाळी त्याला खडूची पूड घाल, पण वही उघडून बघू नकोस’ असे सांगितले की ते महिनाभर कामाला लागते. अर्थात देखभालीचा खर्च थोरल्याकडेच. कधीतरी गुपचूप एक बारीक तूस त्या पानात सरकवावे लागते, नाहीतर घराण्याची पत जाते. पेन्सिलीची सालं दुधात भिजवून खोडरबर बनवण्याचा उद्योगही याच जातीचा. फक्त मे महिन्यात डोंबिवलीत वाटी कपाटामागे ठेवू नये. तिसऱ्या दिवशी वासावरून घरातली सगळी मोठी माणसं तपासाला लागतात.

घाबरवणाऱ्या थापा दुय्यम दर्जाच्या समजाव्यात. ‘तुला जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलंय’ ही फार प्रसिद्ध, पण रात्री पोर रडते आणि चौकशी समिती बसते. चिकूची बी गिळली की पोटात झाड येते, ही मात्र चालेल. अट एकच, उतारा आधीच तयार हवा. नाहीतर झाड वाढू नये म्हणून पोर पाणी पिणे बंद करते आणि प्रकरण डॉक्टरांपर्यंत जाते. चिमूटभर मीठ चाटले की बी मरते, हे त्याच दमात सांगून टाकावे.

आता स्थानिक परिस्थितीकडे वळू.

ठाणेकरांना इतिहासाचा आयता आधार आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच आली. साहिब, सुलतान आणि सिंध अशी तीन इंजिने तिला लावली होती. त्या गाडीत आपले आजोबा बसले होते, असे बेलाशक सांगावे. आजोबांना आधी विश्वासात घ्यावे. ते उत्साहाच्या भरात सुलतानची शिट्टी कशी वाजायची तेही करून दाखवतात. ही थाप हातच्याची वजाबाकी येईपर्यंत टिकते. पुढची जबाबदारी शिक्षण खात्याची.

कल्याणची थाप आमच्या मते विभागातली सर्वोत्तम. गाडीने डोंबिवली सोडली की हळूच म्हणावे, ‘कल्याणला गाडीचे दोन तुकडे होतात. पुढचे सहा डबे कसाऱ्याला जातात, मागचे सहा कर्जतला. आपण कितव्या डब्यात आहोत रे?’ तिचे बळ असे की निम्मी खरीच आहे: कल्याणला मार्ग फुटतात, डबे फुटत नाहीत इतकेच. पोराला शंका आली तर समोरच्या काकांना विचारू द्यावे. रोजचा पासवाला प्रवासी अशा वेळी कधी दगा देत नाही. ‘म्हणून तर मी पुढे बसलोय, बाळा,’ असे तो पेपरातून डोके वर न काढता सांगतो. कल्याणला अख्खी गाडी शाबूत उतरवून देते, म्हणजे भीतीही तिथेच संपते.

पारसिकच्या बोगद्याबद्दल मात्र खेदाने लिहावे लागते. 1916 साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरहून लांब असा तो काळोख पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामी आला. ‘बोगदा संपेपर्यंत श्वास रोखलास तर मागशील ते मिळतं’ असे सांगून निदान तेवढा वेळ तरी शांतता मिळवता यायची. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. पाच-दहा मिनिटं वाचली असतील, पण या नुकसानीची भरपाई कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

डोंबिवलीकरांना विशेष सूचना: रंगांच्या थापा मारू नयेत. ‘पाऊस हिरवा पडला’ असे सांगाल, तर जानेवारी 2014 मध्ये तो खरोखर पडलेला आहे. ‘रस्ता गुलाबी झाला’ म्हणाल, तर फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीत तोही झालेला आहे आणि मुख्यमंत्री पाहून गेले आहेत. जिथे कारखानेच इतकी मेहनत घेतात, तिथे दहा वर्षांच्या होतकरू माणसाने स्पर्धेत उतरू नये.

क्रिकेटमधल्या ‘कच्च्या लिंबू’ पदाची मात्र सर्वत्र शिफारस आहे. हे पद कॅप्टनच्याही वरचे असून खुद्द अंपायरही तुला आऊट देऊ शकत नाही, असे गंभीर चेहऱ्याने सांगावे. पोर घरी जाऊन बढती मिळाल्याचे जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशी चेंडू आणायला सर्वात आधी धावते.

शेवटी तक्रार निवारण. प्रकरण आईपर्यंत गेले तर वाद घालू नये. इंजेक्शनच्या वेळी ‘मुंगी चावल्यासारखं वाटतं फक्त’ हे कोणी सांगितले होते, एवढे नम्रपणे विचारावे आणि चप्पल पायात घालूनच विचारावे.