मंडपवाल्याची लोकशाही

2022 मध्ये चंद्रपूर महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, कारभार प्रशासकाकडे गेला. लोकशाही धोक्यात आल्याचं भल्याभल्यांना उशिरा उमगलं. जिल्ह्यातल्याच माजरी या कोळसा खाणीच्या गावातल्या मंडपवाल्याला पहिल्याच महिन्यात. खुर्च्या गोदामात, भोंगे पोत्यात, वर कोळशाची धूळ!

माणसाची निष्ठा मात्र पाहण्यासारखी. माजरीत ग्रामपंचायत, म्हणजे महापालिकेसाठी याला ना मत, ना वॉर्ड. तरीही प्रत्येक उमेदवाराला तो सारख्याच प्रेमानं, सारख्याच दरानं खुर्च्या देतो. इतका निःपक्षपातीपणा (निवडणूक आयोगानं मनावर घेऊ नये) सहसा आढळत नाही. तेव्हा नम्र सूचना : मतदारयादी रद्द करावी, खुर्च्याच मोजाव्यात. नाहीतरी सभेत त्या माणसांपेक्षा जास्तच असतात.

निकालानंतर तो हिशेबाला बसतो. पडलेल्यांचं भाडं चुकतं झालेलं असतं. विजयी उमेदवाराचं बिल अजून बाकी आहे.