व्यवहारशून्यांची थोरवी

व्यवहार कळणाऱ्यांची स्तुती करायला माणसांची वानवा नाही. ज्यांना तो आयुष्यभर कळला नाही, आणि कळला असता तरी ज्यांनी तसंच केलं असतं, अशा खुळ्यांची बाजू मांडायला मात्र सहसा कोणी उभं राहत नाही. ती मला मांडायची आहे, आणि त्यासाठी २०२२च्या श्रीलंकेकडे बोट दाखवायचं आहे. तिथे शहाणपण आणि खुळेपणा दोघांनाही आपापलं कर्तृत्व दाखवायची पुरेपूर संधी मिळाली.

आधी शहाण्यांचं जे देणं लागतो ते देऊन टाकतो. नोव्हेंबर २०१९मध्ये गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या पाठीशी ‘वियत्मग’ ही संघटना होती. तिच्यात प्राध्यापक होते, डॉक्टर होते, उद्योजक होते, निवृत्त लष्करी अधिकारी होते. राजकारण्यांनी नासवलेला देश आता शिकल्यासवरल्यांच्या हाती आला, असं पुष्कळांना मनापासून वाटलं. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत करकपात झाली. मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. ज्याची वार्षिक उलाढाल ३० कोटी रुपयांच्या आत, त्याला त्यातून मोकळंच केलं. आधी ही मर्यादा १ कोटी २० लाखांची होती. लोकांच्या हातात पैसा खेळला की व्यापार वाढेल आणि व्यापार वाढला की तिजोरी भरेल, असा हिशेब होता. कागदावर तो बरोबर येत होता. मग कोरोना आला, पर्यटक बंद झाले, जागतिक बाजाराने नवं कर्ज देणं थांबवलं आणि खर्च भागवायला मध्यवर्ती बँकेने नोटा छापल्या.

डॉलर वाचवायचे म्हणून मोटारींची आयात थांबली, हळदीच्या आयातीवर बंदी आली. हळद तिथे जवळजवळ प्रत्येक कालवणात पडते. तिचा भाव किलोला हजारो रुपयांवर गेला, रामेश्वरमच्या बाजूने होड्यांतून हळदीची चोरटी पोती जाऊ लागली, आणि श्रीलंकेचं नौदल समुद्रात हळद पकडू लागलं. सांगलीत हळदीचे ढीग बघत वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागेल. नारळ महागले तेव्हा नारळखात्याचे राज्यमंत्री माडावर चढले आणि टंचाईची कारणं त्यांनी वरूनच पत्रकारांना समजावून सांगितली.

खताची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. एप्रिल २०२१च्या अखेरीस सरकारने ठरवलं की यापुढे रासायनिक खतं आणि कीटकनाशकं देशात येणार नाहीत. अख्खा देश एका हंगामात सेंद्रिय होईल. अनुराधपुर, पोलोन्नरुवा या भागांत शेतकऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार मोठ्या प्रमाणावर आहे, त्याचं कारण पुढे केलं गेलं. खतावर जाणारे डॉलर वाचणार, हेही उघड होतं. शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं साधं होतं: सेंद्रियला आमची ना नाही, पण पेरणी तोंडावर आली आहे, एवढं शेणखत आणि कंपोस्ट आणायचं कुठून? पेरादेनिया विद्यापीठातल्या ज्या कृषिशास्त्रज्ञाने हेच जाहीरपणे विचारलं, त्याला सरकारी समित्यांवरून काढण्यात आलं. नोव्हेंबरात बंदी उठली. तोवर मोठ्या हंगामाची, तिकडे ज्याला ‘महा’ म्हणतात त्याची, वेळ गेली होती. भाताचं पीक धाडकन खाली आलं, चहाचंही घटलं, आणि तांदळाच्या बाबतीत जवळपास स्वयंपूर्ण असलेला देश बाहेरून तांदूळ आणू लागला.

शेवटचा मोठा निर्णय १८ जानेवारी २०२२चा. त्या दिवशी ५० कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत भरत होती. परकीय गंगाजळी तळाला गेली होती. अर्थतज्ज्ञ आणि व्यापारी संघटना सांगत होत्या की हे देणं थांबवा, सावकारांशी बोलणी करा, आधी औषधं आणि इंधन आणा. देशाची पत राखायची म्हणून पैसे पूर्ण फेडले गेले. तीन महिन्यांच्या आत, १२ एप्रिलला, श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवल्याचं जाहीर केलं.

यातला एकही निर्णय वेडाच्या भरात झालेला नव्हता. प्रत्येकामागे टिपण होतं, समर्थन होतं, सही होती. वेड्यांचं काम यानंतर सुरू होतं.

ते रांगेत उभे राहिले. पेट्रोलची रांग, रॉकेलची रांग, गॅसची रांग, दूधभुकटीची रांग. गॅसच्या रांगेत माणसांऐवजी सिलिंडर उभे असत, निळे आणि पिवळे. एकाच्या कड्यातून दुसऱ्याच्या कड्यात साखळी ओवलेली, म्हणजे आपला नंबर कोणी उचलून नेऊ नये. माणूस तेवढ्यात घरी जाऊन यायचा, पोरांना बघायचा आणि पुन्हा येऊन आपल्या सिलिंडरशेजारी फुटपाथवर बसायचा. १२.५ किलोच्या या सिलिंडरचा भाव एप्रिलमध्ये २,६७५वरून ४,८६० रुपयांवर गेला, तरी रांग हलेना. पेट्रोलपंपांबाहेर रिक्षावाले रिक्षातच पाय दुमडून झोपत, दोन-दोन दिवस. मार्चमध्ये सत्तरीतली दोन माणसं रांगेत उभी असतानाच गेली. जूनच्या अखेरीस सरकारने खासगी गाड्यांना इंधन विकणंच दोन आठवडे थांबवलं आणि रांगेतल्यांना सैनिकांच्या हातून टोकन वाटली.

व्यवहार काय सांगतो? रांगेत दिवस घालवलेल्या रिक्षावाल्याची त्या दिवसांची कमाई बुडते; काळ्या बाजारात बाटलीने पेट्रोल घेतलेलं परवडलं. ज्यांना जमलं त्यांनी घेतलं. पण हजारो माणसं, एकमेकांना ओळखत नसताना, एकमेकांचा नंबर मानून उभी राहिली. वीज १३-१३ तास नव्हती, महागाईचा दर सप्टेंबरात ७० टक्क्यांच्या उंबरठ्यावर पोचला, अन्नाचा ९५ टक्क्यांच्या. अशा वेळी पुढच्या माणसाचा नंबर खरा मानणं हा भाबडेपणा आहे. तो भाबडेपणा नसता तर पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर सुरे निघाले असते, असं माझं प्रामाणिक मत आहे. मारामाऱ्या झाल्या, सैन्याने गोळ्याही झाडल्या. तरी रांग टिकली.

त्या रांगेत जूनमध्ये एक चहावाला दिसला तो रोशन महानामा. आपल्या पिढीला तो वेगळ्या कारणाने ठाऊक आहे: ऑगस्ट १९९७, प्रेमदासा स्टेडियम, जयसूर्याबरोबर ५७६ धावांची भागी, आणि दोन दिवस चेंडू शोधत फिरणारे आपले गोलंदाज. तोच महानामा कोलंबोत पेट्रोलच्या रांगेतून ट्रे घेऊन फिरत होता. लोकांना चहा आणि पाव देत होता, शेजारच्याची तब्येत बघा म्हणून सांगत होता. विश्वचषक जिंकलेल्या संघातल्या माणसाला घरी बसायला शंभर कारणं असतात.

याहून मोठा खुळेपणा आखाती देशांत घरकाम करणाऱ्या श्रीलंकेच्या बायकांनी केला, आणि त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. सरकारने डॉलरचा भाव २०३ रुपयांच्या आसपास बांधून ठेवला होता. बाहेर, ‘उंडियाल’वाल्याकडे, म्हणजे आपल्या हवालावाल्याकडे, त्याच डॉलरला तीस-चाळीस रुपये जास्त मिळत. तो पैसे घरपोच करी, कागद मागत नसे. बहुसंख्यांनी तोच रस्ता धरला आणि त्यांना दोष देता येत नाही. पोटाला चिमटा काढून साठवलेला पैसा कोण कमी भावाने देईल? परदेशातून बँकेमार्गे येणारी रक्कम २०२०मध्ये ७०० कोटी डॉलरच्या वर होती, ती २०२२मध्ये ४०० कोटींच्याही खाली आली. पण ती शून्यावर आली नाही. कोणी तरी, तोटा समोर दिसत असताना, बँकेच्या खिडकीवर जाऊन पैसे भरत राहिलं. एखाद्या जहाजातल्या डिझेलचे किंवा एखाद्या रुग्णालयातल्या भुलीच्या औषधाचे डॉलर त्यातून निघाले. पेरादेनियाच्या रुग्णालयात मार्चमध्ये औषधांअभावी ठरलेल्या शस्त्रक्रिया थांबवाव्या लागल्या होत्या, तेव्हा ही रक्कम किती मोलाची होती ते वेगळं सांगायला नको.

शाळांचं थोडक्यात सांगतो. कागद नाही म्हणून मार्चमध्ये पश्चिम प्रांतातल्या सत्र परीक्षा पुढे ढकलल्या. पेट्रोल नाही म्हणून शाळा बंद झाल्या. सरकारी नोकरांना शुक्रवारची सुट्टी मिळाली, परसात भाजीपाला लावण्यासाठी. सायकलींचे भाव चढले. शिक्षक, परिचारिका, डॉक्टर सायकलवर आले, चालत आले. ज्यांना बाहेर जाणं शक्य होतं त्यांच्यापैकी पुष्कळ जण गेले. २०२२ या एका वर्षात ३ लाखांहून जास्त माणसं परदेशी नोकरीसाठी नोंदणी करून निघाली. पासपोर्ट कचेरीबाहेर दोन दिवस ताटकळलेल्या एका बाईला रांगेतच कळा सुरू झाल्या आणि सैनिकांनी तिला रुग्णालयात पोचवलं. जाणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मात्र कोणी न थांबवता जे मागे थांबले, पगार तोच ठेवून दुप्पट रुग्ण तपासत राहिले, त्यांच्या डोक्यात काय असेल याचा मी विचार करतो, आणि मला त्यांच्याविषयी अतोनात आदर वाटतो.

डोंगरातल्या चहामळ्यांवर ब्रिटिशांनी नेलेल्या तमिळ मजुरांची वस्ती आहे. एका ओळीत बांधलेल्या कोंदट खोल्या, २०२२मध्ये दिवसाची मजुरी १,००० रुपये, जेवण म्हणजे बहुतेक वेळा रोटी. गव्हाच्या पिठाचा भाव कित्येक पटींनी चढला तेव्हा रोट्यांची संख्या कमी झाली, दुसरं काही कमी करण्याजोगं नव्हतंच. कोलंबोतही वस्त्यांमध्ये माणसं दोन वेळांऐवजी एकदाच जेवू लागली. तेव्हा चर्चच्या आवारात, देवळाजवळ, समाजमंदिरात सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली. कोणी तांदूळ आणला, कोणी लाकूडफाटा, कोणी मोठं पातेलं. तांदूळ, डाळ, एखादी भाजी. स्वतःच्या घरात आठवड्याचं धान्य नसताना दुसऱ्याच्या ताटाची व्यवस्था बघणारी माणसं अर्थशास्त्राच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत.

उत्तरेतल्या जाफनाकडे पाहिलं तर हे सगळं जुनंच होतं. १९९०च्या दशकात यादवी युद्ध चालू असताना जाफनावर निर्बंध होते. वीज नाही, पेट्रोल नाही, गाडी पेट्रोलच्या चार थेंबांवर सुरू करायची आणि पुढे रॉकेलवर चालवायची. बाटलीच्या दिव्यावर एक पिढी शिकली. दक्षिणेतल्या सिंहली बहुसंख्येला त्याची झळ कधी लागली नव्हती. २००९ला युद्धाच्या अखेरीस मुळ्ळिवैक्कालच्या किनाऱ्यावर अडकलेल्या तमिळांनी मूठभर तांदळाच्या पाणीदार पेजेवर दिवस काढले, आणि त्या युद्धाचे संरक्षण सचिव होते गोटाबाया राजपक्षे. म्हणून १८ मे २०२२ला जे घडलं ते मला त्या वर्षातलं सर्वांत मोठं वेड वाटतं. कोलंबोत गॉल फेस मैदानावर गोटाबायांचा राजीनामा मागणाऱ्या आंदोलकांनी तंबू ठोकून ‘गोटागोगामा’ वसवलं होतं. तिथे वाचनालय होतं, दवाखाना होता. त्या ठिकाणी सिंहली, तमिळ, मुसलमान एकत्र बसले आणि मुळ्ळिवैक्कालच्या मृतांची आठवण म्हणून तीच पेज वाटून प्यायले. तेरा वर्षांत त्या मृतांचं नाव राजधानीत असं उघड क्वचितच घेतलं गेलं होतं. ज्यांच्या नावाने मतं मागितली गेली आणि ज्यांच्या विरोधात मागितली गेली, ते एका पातेल्यातून पीत होते. पुष्कळांना तो देशद्रोह वाटला. सर्वांचं मन पालटलं असंही नाही. तरी ते झालं.

९ जुलैला पेट्रोल नव्हतंच. लोक कँडीहून, गॉलहून, मातराहून रेल्वेवाल्यांना गाड्या सोडायला लावून आले, ट्रकच्या हौद्यांतून आले, चालत आले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासात शिरले. जगाने पाहिलं ते पोहण्याच्या तलावात उड्या मारणारी पोरं. मला दाखवायचं आहे ते दुसरं दृश्य. आतल्या एका खोलीत कोऱ्या नोटांच्या थप्प्या सापडल्या. महिनोन्महिने उपासमार काढलेल्या तरुणांनी त्या जमिनीवर मांडून मोजल्या, १ कोटी ७८ लाखांच्या आसपास भरल्या, आणि पोलिसांच्या हवाली केल्या. तिथून वस्तूही गेल्या, हे खरं आहे. त्याच रात्री तेव्हाचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांचं खासगी घर जाळलं गेलं, त्यांची पुस्तकं जळाली. ते या स्तुतीत येत नाही, तो निव्वळ विध्वंस होता. पण मोजलेल्या नोटा परत करणारे हात त्याच गर्दीतले होते. चार दिवसांनी गोटाबाया लष्करी विमानाने मालदीवला गेले, तिथून सिंगापूरला, आणि राजीनामा ईमेलने आला.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. कोलंबोत काही जण ती चढले. जून २०२२मध्ये, कचेरीपर्यंत जायला गाडी मिळत नव्हती तेव्हा, ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची तिथली शाखा आणि ज्युलियन बोलिंग या माजी ऑलिंपिक जलतरणपटूसह काही नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले: करकपात, बांधून ठेवलेला रुपया, जानेवारीतली ती फेड, या सगळ्यांची जबाबदारी ठरवा. १४ नोव्हेंबर २०२३ला पाचपैकी चार न्यायाधीशांनी निकाल दिला की गोटाबाया, महिंदा आणि बॅसिल हे राजपक्षे बंधू, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि वरिष्ठ अधिकारी यांनी जनतेचा विश्वास मोडला आणि नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग केला. त्या निकालाने कोणी तुरुंगात गेलं नाही. याचिकाकर्त्यांना खटल्याच्या खर्चापोटी दीड लाख रुपये मंजूर झाले. त्या वेळच्या भावाने त्याचे पाचशे डॉलरही भरत नव्हते. पण देशाला या खाईत कोणी नेलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आता नावानिशी लिहिलेलं आहे.