पाटी वाचलीस का?

कोल्हापूरला आप्पाकाकांकडं मुक्कामाला गेलं की पाहुण्याची वाट ठरलेली. सकाळी मिसळ, मग अंबाबाई, आणि पाहुण्यानं रंकाळ्याचं नाव काढायच्या आत टाऊन हॉलचं संग्रहालय. "रंकाळा काय पळून जातोय? आधी आमच्या पोसायडनला भेट."

पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. ब्राँझचा, उंचीला वीतभरही नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात सापडला, सोबत रोमन घडणीची भांडीकुंडी. दोन हजार वर्षांपूर्वी तो जहाजातून कोकणातल्या बंदरात उतरला आणि कुणा व्यापाऱ्याच्या बैलावर बसून घाट चढला, हे काका अशा थाटात सांगतात की बैलाचं नावही त्यांना ठाऊक असावं. काकूंचं मत एवढंच, "समुद्र कुठं, कोल्हापूर कुठं! देवसुद्धा वाट चुकतात."

काकांची हयात पोस्टात गेली. त्यामुळं वस्तू दिसली की ती सुंदर आहे की नाही, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. कुठून निघाली, कुठं पोचली, मधे कुणी अडवली, एवढं कळलं पाहिजे. संग्रहालयातली पाटी त्यांना टपालाच्या शिक्क्यासारखी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन चष्मे, दांड्याला दोरा गुंडाळलेलं भिंग आणि कात्रणांची फाईल. मूर्तीकडं बघायला लागलात की मागून आवाज येतो, "पाटी वाचलीस का?" वाचली म्हणालात, तर "मग सांग बघू, काय लिहिलंय?" माझ्या मुलानं एकदा इथंच रडून दाखवलं होतं.

ही जात एकट्या कोल्हापुरात नाही. काकांचे एक फोनमित्र तेरचे, निवृत्त गुरुजी. ज्या तेरचा तगर म्हणून ग्रीक खलाशाच्या पेरिप्लस या सागरी प्रवासाच्या नोंदीत उल्लेख आहे, ते तेर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी पदरमोड करून, शेताबांधावरून जुन्या वस्तू गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. गुरुजी त्याच परंपरेतले. दुसरे मित्र भोकरदनचे. दोघांचं भांडण एकाच बाईवरून, आणि बाई राहते इटलीत.

१९३८ साली अमेदेओ मैयुरी या इटालियन पुरातत्त्वज्ञाला पॉम्पेईच्या राखेत एक हस्तिदंती मूर्ती सापडली. घडण चक्क भारतीय, म्हणून तिला लक्ष्मी म्हणू लागले. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला, म्हणजे त्याआधीच ती तिथं पोचलेली. तिच्यासारख्या हस्तिदंती बाहुल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. त्यामुळं गुरुजी म्हणतात, बाई तेरची. भोकरदनकर म्हणतात, आमची. काका मधे पडतात, "अहो, भांडता कशाला? त्यांचा देव आपल्याकडं आला, आपली बाई त्यांच्याकडं गेली. टपाल दोन्ही बाजूंनी चालू होतं!"

आम्ही युरोपच्या सहलीला गेलो तेव्हा काका-काकू सोबत होते. सहलवाल्यांनी पॉम्पेईला दोन तास दिले होते, त्यातला अर्धा तास जेवणाला. मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या संग्रहालयात आहे, हे काकांना पाठ. बाकीची मंडळी आइस्क्रीमकडं वळली आणि आम्ही चौघं लोकल गाडीत शिरलो. गर्दी बघून काकू म्हणाल्या, "मुंबईच आहे की!"

संग्रहालयात काका मजल्यामागून मजले पाट्या वाचत फिरले. बाई कुठंच नाही. शेवटी एका रखवालदाराला फोटो दाखवला. त्यानं काकांकडं बघितलं, काकूंकडं बघितलं, आणि एका लोखंडी जाळीच्या दाराकडं बोट केलं. त्याला 'गुप्त कक्ष' म्हणतात. पॉम्पेईतली सगळी चावट चित्रं आणि शिल्पं तिथं ठेवली आहेत. १८१९ साली तिथल्या राजघराण्यातला फ्रान्सिस बायको-मुलीसह बघायला आला आणि इतका ओशाळला, की खोलीला कुलूप घालायला लावलं. ती सर्वांसाठी धडपणे उघडली २०००मध्ये.

काकू दारातून आत डोकावल्या आणि पदर डोळ्यांवर ओढला. "अहो, लक्ष्मीला कुठं आणून बसवलंय मेल्यांनी!"

काका मात्र पोचले होते. काचेआड पंचवीस सेंटिमीटरची ती बाई. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पोटऱ्या झाकतील इतके वाळे, दोन बाजूंना दोन चिमुकल्या दासी, आणि अठराशेच्या वर वर्षं ज्वालामुखीखाली काढूनही चेहऱ्यावर माहेरी आल्यासारखी ऐट. काका पाटीकडं वळले. पाटी आधी वाचली, मग चष्मा बदलून पुन्हा वाचली. मग थेट उकिडवे बसले आणि भिंग काचेला लावलं. बैठकीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलंय, ते त्यांना बघायचं होतं.

रखवालदार धावत आला. काकांनी खिशातून फोन काढून पोसायडन दाखवला. "कोल्हापूर," ते स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले. रखवालदाराचा चेहरा उजळला. "नेत्तुनो!" म्हणजे त्यांच्याकडचा समुद्रदेव. काका ठामपणे म्हणाले, "नेत्तुनो नव्हं. पोसायडन." मग एकजण इटालियनमध्ये आणि एकजण कोल्हापुरीत दहा मिनिटं बोलत राहिला. त्यानंही काकांना कसलीशी पाटी बोट ठेवून वाचायला लावली. तिथलाही आप्पाकाकाच निघाला तो.

बाहेर आल्यावर काकांनी जपून जपून सांगितलं, की ही लक्ष्मी नसावी, यक्षी असावी असं आता विद्वान म्हणतात. डोक्यातून भोक पाडलंय, तेव्हा आरशाची मूठ असेल किंवा मेजाचा पाय.

काकू जागच्या जागी थांबल्या. "एवढं जेवण सोडून टेबलाच्या पायाला बघायला आणलंत?"

पण मी बघितलं होतं, निघताना त्यांनी हळूच हात जोडले होते.

२०२३ साली काकांच्या घरी लगीनघाई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्राचीन भारतीय बौद्ध कलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात रोमशी असलेला व्यापार दाखवायला टाऊन हॉलचा पोसायडन मागवला. नेपल्सहून तीसुद्धा आली. काका गल्लीत सांगत सुटले, "आमचा अमेरिकेला गेलाय. जुलैत गेला, नोव्हेंबरपर्यंत तिथंच." न ओळखणारे पेढे मागायला लागले.

मुलगी न्यू जर्सीत. तिला कामावर रजा टाकायला लावून काकांनी व्हिडिओ कॉल केला. कोल्हापुरात मध्यरात्र होत आलेली, काका स्वेटर घालून खुर्चीत. "त्याला दाखव. आता तिला दाखव. हलवू नको गं! पाटी वाच. सगळी वाच. कोल्हापूर लिहिलंय का?"

"लिहिलंय, आप्पा."

"स्पेलिंग बरोबर आहे?"

त्याच डिसेंबरात लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची, बर्लिनची आणि अमेरिकेतल्या गेटीची ग्रीक-रोमन शिल्पं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली. काकांना हे रीतीला धरून वाटलं. आपला तिकडं जेवून आला, आता त्यांचे इकडं. ते माझ्याकडं मुक्कामाला आले, प्रदर्शन एका दिवसात उरकेना, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा गेले. "अर्ध्या पाट्या राहिल्यात रे."

पोसायडन परत आल्यावर मी कोल्हापूरला गेलो. मिसळ खाल्ली, अंबाबाई झाली, टाऊन हॉल. या वेळी काका पाटीबद्दल काही बोललेच नाहीत. बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले. मग माझा दंड धरून हळूच म्हणाले,

"जरा वाळल्यासारखा वाटतोय, न्हवं?"