साठ गोळ्या आणि शंभर योजने

‘पूरक’ या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी कर्जत स्थानकासारखी सोयीची जागा नाही. बोरघाटाचा 37 फुटांमागे एक फूट असा चढ चढता यावा म्हणून पुण्याकडे निघालेल्या गाडीला तेथे मागून जादा इंजिने जोडली जातात, रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात आणि ती जोडली जाईपर्यंत डब्यातला प्रवासी एक वडापाव आटोपून दुसऱ्याकडे वळलेला असतो. बँकर हा पुढच्या इंजिनाला पूरक असतो. पुढचे इंजिन काढून टाकून नुसत्या बँकरच्या जोरावर गाडी लोणावळ्याला न्यावी, असा विचार रेल्वेने अद्याप केलेला नाही. वजन आणि रक्तातील साखर उतरवू पाहणाऱ्या वनौषधींच्या व्यापाराने मात्र तो केला असून त्यात त्याला बरकतही आहे.

कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसांत, म्हणजे मुंबई-पुण्याच्या मंडळींनी शनिवार-रविवारपुरती शेती करण्यासाठी बांधलेल्या बंगल्यांत, न्याहारीच्या टेबलावर मिसळीशेजारी साठ गोळ्यांची जी डबी असते, तिचे वाङ्मय दुपदरी असते. दर्शनी बाजूस हिरवे पान, मोजपट्टीने आवळलेली कंबर आणि ‘मधु’ने सुरू होणारे एखादे संस्कृत नाव; मागील बाजूस, भिंगावाचून वाचता येऊ नये अशा अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’ हे वाक्य. पूरक आहार या वर्गात मोडणाऱ्या वस्तूंवर ते छापणे 2016 च्या नियमांनी बंधनकारक केले आहे, तर आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या 1954 च्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आणि स्थूलता ही दोन्ही नावे असल्यामुळे हे विकार बरे करण्याची जाहिरात केल्यास पहिल्याच अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून डबी काहीही बरे करत नाही. ती साखरेचे ‘संतुलन राखण्यास साहाय्य’ करते आणि वजनाच्या ‘प्रवासात सोबत’ करते, कारण सोबत करणाऱ्यावर मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी नसते.

वजनाच्या डब्यांतला मानकरी घटक गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे केरळी कालवणातली कुडंपुळी, हा आपल्या कोकमाचाच भाऊबंद होय. दोहोंच्या सालीतले हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल चरबी तयार करणाऱ्या एका विकराला, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, अडवते असे प्रयोगशाळेत दिसले होते. अमेरिकेत 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 135 जणांना बारा आठवडे मोजका आहार देऊन काहींना हा अर्क आणि बाकीच्यांना औषध नसलेली पोकळ गोळी देण्यात आली, तेव्हा अर्कवाल्यांचे वजन सरासरी 3.2 किलो उतरले आणि पोकळ गोळीवाल्यांचे 4.1 किलो. हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता, अन्यथा पोकळ गोळ्यांचा स्वतंत्र कारखाना निघाला असता. गाडी आहाराने ओढली होती. आणि आम्लानेच चरबी झडत असती, तर पिढ्यान्‌पिढ्या आमसुलाचे सार ओरपणाऱ्या रायगड जिल्ह्यात ढेरी ही वस्तू दाखवायला शोधावी लागली असती.

साखरेच्या डबीतली गुडमार त्या मानाने सरळ वृत्तीची आहे. तिचे पान चावून चिमूटभर साखर जिभेवर ठेवली तर ती वाळूसारखी लागते, कारण पानातली जिम्नेमिक आम्ले गोडी ओळखणारी जिभेची द्वारे काही वेळ अडवून धरतात. पण जिभेला न कळलेली साखर रक्तालाही कळत नाही, हा निष्कर्ष पानाचा नसून जाहिरातीचा आहे. गुळवेलीची कथा इतकी विनोदी नाही. करोनाकाळात घरोघरी तिचे काढे उकळल्यानंतर देशातल्या 13 केंद्रांतील 43 रुग्णांच्या यकृतबिघाडाचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आयुष मंत्रालयाने मिळत्याजुळत्या दुसऱ्या वेलीशी गल्लत न करण्याचे सुचवले. वेलींतला फरक देठ-पान पाहून ओळखता येतो. डबीत मात्र पूड असते.

वनस्पतीत गुण नसतो असे यावरून कोणी समजू नये. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या रानझुडपातील द्रव्यांच्या अभ्यासातूनच मेटफॉर्मिनची वाट निघाली आणि 1957 मध्ये झां स्तर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. परंतु ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि तिच्यावर मिलिग्रॅम छापलेले असतात, या दोन दोषांमुळे तिला निसर्गाच्या पंक्तीतून उठवण्यात आले आहे.

डबी ज्या ग्रंथांचा दाखला देते, त्यांतली काही पाने तिने सोयीने चिकटवून टाकली आहेत. सुश्रुतसंहितेने प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारवर्गाच्या, निर्धन रोग्याला अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालायला सांगितले आहे आणि धनिकाला सावा व देवभात खाऊन राहायला. योजन बारा-तेरा किलोमीटरचे धरले, तर कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर बारा-तेरा वेळा पायी तोडावे लागेल; हा उपाय साठ गोळ्यांत मावत नाही. चरकाने तर प्रमेहाचे दोन रोगी मानले, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुबळा, आणि दुसऱ्याला पोसावे असे सांगितले. त्याला परवडत नसल्यामुळे त्याची डबी निघालेली नाही.

योजने चालण्याचे काम या डोंगरांत कातकरी करतात; खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून हे नाव. मोळी किंवा रानभाजीची पाटी डोक्यावर घेऊन कातकरी बाई पाड्यावरून बाजाराला उतरते, तेव्हा फार्महाऊसच्या न्हाणीघरात कोणीतरी श्वास रोखून काट्यावर उभे असते. तालुक्यात दुसराही एक काटा आहे, अंगणवाडीतला. त्याच्या झोळीत तिचे पोर टांगलेले असते, सेविका काटा पुढे सरकतो का ते पाहत असते, आणि तेथे ‘पूरक आहार’ या शब्दाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.