पीक विम्यात, घर रामभरोसे

पीकविम्याचा ‘बीड पॅटर्न’ साऱ्या देशाला ठाऊक आहे. २०२० साली ८०:११० चं सूत्र आपल्या जिल्ह्यात लागू झालं. विमा कंपनीने नफा किती ठेवायचा आणि तोटा किती सोसायचा, याची हद्द त्याने आखून दिली. विम्यातलं आपल्याला बरंच कळतं. मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, हे केज तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल.

आता आपल्या गल्लीत विचारा, राहत्या घराचा विमा किती जणांनी उतरवलाय? उत्तर शोधायला एका हाताची बोटं पुरतील.

पीक एका हंगामाचं असतं. घरात बापाची आणि आपली अशा दोन पिढ्यांची कमाई अडकलेली असते. ते आपण उघड्यावर टाकलं आहे, कारण आपल्या डोक्यात एकच वाक्य पक्कं बसलंय: आपला भाग दुष्काळी.

दुष्काळी आहे, कबूल. मांजरा धरण आपल्याच तालुक्यात, धनेगावला. ते कोरडं पडलं म्हणून २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पण त्याच धरणाचे सगळे १८ दरवाजे २०२१च्या सप्टेंबरात उघडावे लागले आणि मांजराकाठच्या गावांत पाणी शिरलं. २०२५च्या सप्टेंबरात पुन्हा तेच. मराठवाड्यातल्या नद्यांनी पात्रं सोडली आणि राज्य सरकारला ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. एकाच दशकात टँकरही आणि पूरही.

यामागचं कारण साधं आहे. आपल्याकडे मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. तोवर काळी जमीन तुडुंब झालेली असते, धरण भरत आलेलं असतं, तळी-बंधारे काठोकाठ असतात. त्यावर एका रात्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की पाण्याला जागाच उरत नाही. ओढे-नाले लहान, त्यात काटेरी बाभळी, कचरा आणि अतिक्रमणं. कृष्णेचा पूर चढायला दिवस लागतात. आपला ओढा तासाभरात दारात येतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांवरही विसंबू नका. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची २४ वर्षं निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. निळ्या रेषेवरच्या घराला दर वर्षी ४ टक्के धोका असतो. तीस वर्षांचा हिशोब केला तर एकदा तरी पाणी घरात शिरण्याची शक्यता सत्तर टक्क्यांवर जाते. लाल रेषेवरच्या घरालाही तीस वर्षांत साधारण चारात एक.

आता मदतीचं बोलू. आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडलं, तेही किमान १५ टक्के, तर पक्क्या घराला साडेसहा हजार आणि कच्च्या घराला चार हजार. साडेसहा हजारांत एक भिंत तरी उभी राहते का, हे गावातल्या गवंड्यालाच विचारा.

आणि भिंत पडते कशी, तेही पाहा. जुन्या माळवदाच्या घराची भिंत पाण्यात असताना बहुधा उभीच असते. पाणी ओसरतं, पंचनामा होतो, मग ऊन पडतं. फुगलेली पांढरी माती सुकायला लागते, आधी बारीक भेगा, मग कोपरा सुटतो आणि चार दिवसांनी अख्खी भिंत आत येते. पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिलेलं असतं. तो शब्द बदलून घ्यायला माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

मदत हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. पण मदतीने चार दिवस निघतात. घर परत बांधायला भरपाई लागते.

ती देणारी पॉलिसी आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी साधारण विमा कंपन्यांना बंधनकारक केली. आग, भूकंप, वादळ यांच्यासोबत पूरही त्यात मुळातच येतो. रक्कम ठरते ती चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. सहाशे चौरस फुटांचं घर आणि अठराशेचा दर धरला, तर १० लाख ८० हजार. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. अशा घराचा वर्षाचा हप्ता खताच्या एका पोत्यापेक्षा फार लांब जात नाही.

खाचाखोचाही आहेत. दागिन्यांसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घरातच दुकान असेल तर दुकानातला माल यात येत नाही. बांधकाम कच्चं असेल तर खरं सांगा, लपवलं तर दावा अडकतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी, घर महिनोन्‌महिने बंद राहणार असेल तर पॉलिसीतली अट वाचून कंपनीला आधी लेखी कळवावं. दावा नाकारला तर पुण्यात विमा लोकपाल आहे, तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत.

गृहकर्ज घेतलेल्यांनी आजच कागद काढून बघावेत. ‘बँकेने विमा काढलाय’ असं अनेकजण सांगतात. तो पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. आपण मेलो तर कर्ज फिटेल, पण घर वाहून गेलं तर हप्ता चालूच राहील. सही घेताना हा फरक समजावून सांगणं बँकेचं काम आहे. त्यांनी सांगितलं नसेल तर आपण विचारलं पाहिजे.

विमा आला म्हणून प्रशासन सुटत नाही. पूररेषेचे नकाशे कार्यालयातल्या कपाटात ठेवण्यासाठी काढलेले नाहीत. नगरपंचायतीने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने ते भिंतीवर लावावेत. जिथे रेषा आखलेलीच नाही तिथे ती आखून घ्यावी. २०२१ला आणि २०२५ला पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा शाळेच्या, देवळाच्या, समाजमंदिराच्या भिंतीवर तेलरंगाने माराव्यात, तारखेसकट. नवा प्लॉट घेणाऱ्याला एजंट खरं सांगेल याची हमी नाही, ती खूण सांगेल. नाल्यातली बांधकामं हटवायची वेळ मे महिन्यातली. सप्टेंबरात फक्त माणसं हलवता येतात.

बाकीचं आपल्या हातात आहे. घराचे आतून-बाहेरून फोटो काढा, नमुना आठचा उतारा किंवा सनद आणि सामानाच्या पावत्या मोबाईलवर साठवा, गावाबाहेरच्या एका नातेवाइकालाही पाठवून ठेवा. पाणी दारात आल्यावर कुणी पॉलिसी देत नाही. मृगाच्या तोंडावर बी-बियाणं आणि खताची यादी कराल, तेव्हा पहिल्या ओळीत घराच्या विम्याचा हप्ता लिहा.